चढावरून येणारा आवाज

माझ्या थोरल्या मामांना सगळे वस्ताद म्हणत. आई सांगायची, लहानपणी त्यांनी घरातल्या शिवणयंत्राला पंख्याची मोटर जोडली होती. यंत्र असं काही सुटलं की आजीच्या हातातल्या उशीच्या अभ्र्याचं तोंडही शिवून मोकळं झालं. आजीने आधी धपाटे घातले आणि मग शेजारणींना बोलावून बोलावून तो अभ्रा दाखवला. पुढे मामांनी जन्मभर हेच केलं म्हणायचं. ज्याला जेवढा जोर मिळालाय त्याच्या दुप्पट त्याच्यात भरायचा.

त्यांचं गॅरेज टेकडीच्या पायथ्याशी, हमरस्त्याला लागून होतं. खाली गॅरेज, वर घर. छपराला आडवी लोखंडी तुळई, तिला टांगलेली चेनकप्पी, आणि भिंतीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची रंगवलेली काळी सावली, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते दारातूनच दिसावं. रोजच्या दुरुस्त्या ते घेत नसत. त्यांच्याकडे यायचे ते हौशी लोक. दोन दारांच्या बुटक्या स्पोर्ट्स गाड्या घेऊन यायचे आणि मूळ इंजिन काढून मोठ्या गाडीचं इंजिन बसवून घ्यायचे. इंजिनाच्या बैठका नव्याने वेल्ड करायच्या, गिअरबॉक्सला जागा करायला मधला पत्रा कापायचा, वायरिंगची अख्खी जुडी सोडवून परत गुंफायची. एवढं करून ते इंजिन त्याच गाडीत जन्मल्यासारखं वाटलं पाहिजे. मामा म्हणायचे, इंजिन बसवणं सोपं असतं, नांदवणं अवघड.

लग्न त्यांनी केलं नाही. का, म्हणून कुणी विचारलं तर सांगायचे, मुलगी बघायला गेलो होतो, पण तिच्या दारातल्या गाडीचं टायमिंग चुकलं होतं, ते लावत बसलो तोवर तिचं दुसरीकडे ठरलं. एवढा एक विनोद सोडला तर माणूस अबोल. बोलायचं सगळं काम धाकट्या मामांकडे होतं.

धाकटे मामा म्हणजे पायाला भिंगरी आणि जिभेला तेल. थोरल्यांनी बांधायचं आणि धाकट्यांनी चालवून बघायचं, अशी दोघांची वाटणी होती. हॉर्सपॉवरला गॅरेजात सरळ घोडे म्हणत. गिऱ्हाइकाने गाडी आणली की धाकटे विचारायचे, ‘आत्ता किती घोडे आहेत, आणि अजून किती बांधायचेत?’ थोरले तोवर बॉनेटखाली डोकं घालून बसलेले असायचे.

दोघांनी मिळून स्वतःसाठी एक गाडी करायला घेतली होती. राखाडी, जुनी, वजनाला हलकी. तिचं चार सिलिंडरचं छोटं इंजिन उतरवून थोरल्यांनी सहा सिलिंडरचं इंजिन चढवलं. एक्झॉस्टचे सहाही पाइप त्यांनी हाताने वाकवले. स्टिअरिंगचा दांडा मध्ये येत होता म्हणून एक पाइप आखूड ठेवावा लागला, आणि त्यामुळे गाडीच्या आवाजात एक लंगडेपणा आला. पाच जण पावलाला पाऊल मिळवून चालताहेत आणि सहावा मध्येच उडी मारून त्यांना गाठतोय, असा. थोरल्यांना तो दोष वाटायचा. धाकटे म्हणायचे, राहू दे, आपली लंगडी अंधारातही ओळखू येईल. वजन कमी करायचं म्हणून शेजारची सीट काढून टाकली होती. मामी, म्हणजे धाकट्यांची बायको, म्हणायच्या, माझी तेवढी एक जागा होती, तीही काढलीत.

ब्रेक मात्र जुनेच होते. छोट्या इंजिनाच्या बेताचे. मोठ्या डिस्क बाहेरगावाहून यायच्या होत्या आणि लांबत चालल्या होत्या. धाकट्यांचं यावर उत्तर तयार होतं, की लोकांचे घोडे वरातीमागून येतात, आपले आधी आलेत, वरात येईल सावकाश.

एके सकाळी इंजिन जरा गरम करून आणतो म्हणून धाकटे मामा गाडी घेऊन निघाले. थोरले दुसऱ्या एका गाडीखाली पाठीवर पडून काम करत होते. धाकटे सपाट रस्त्याने गेले नाहीत. टेकडीचा चढ चढून वर गेले आणि तिथून त्याच रस्त्याने खाली आले. उतारावर सारखा ब्रेक दाबला की तो तापतो. फार तापला की त्यातलं तेल उकळतं, आणि मग पेडल लोण्यात बोट जावं तसं तळापर्यंत जातं. पाण्याच्या टाकीच्या वळणावर दगडी भिंत आहे. गाडी कुशीवर आदळली, आणि आदळली ती चालवणाऱ्याच्या बाजूने.

थोरले मामा मोडलेली गाडी बघायला गेले नाहीत. भंगारवाल्याला निरोप दिला की कुठे न्यायची ती ने, मला दाखवू नकोस.

त्यानंतर त्यांनी घोडे वाढवायचं काम बंद केलं. तेल बदलणं, पट्टे बदलणं, चाकं काढून लावणं, असली कामं घ्यायला लागले. हौशी लोक यायचे, आर्जवं करायचे आणि परत जायचे. मामींना माहेरहून बोलावणं येत होतं, पण त्या गेल्या नाहीत. दीर आणि भावजय एका छपराखाली राहायचे, जेवताना नळाचं, विजेचं, भाजीचं बोलायचे. त्या सकाळबद्दल दोघंही चकार शब्द काढत नसत.

आईला मात्र मामांनी एकदा सांगितलं होतं. ते गाडीखाली होते तेव्हा त्यांना धाकट्याचे फक्त बूट दिसले. बूट गाडीपाशी येऊन थांबले, जातो म्हणाले आणि गेले. त्या क्षणी त्यांच्या मनात आलं होतं, ‘उतारावर नेऊ नकोस.’ हे वाक्य मनात आलं ते त्यांना लख्ख आठवत होतं. तोंडातून बाहेर पडलं का, ते आठवत नव्हतं. दातांत पाना धरला होता का, तेही आठवत नव्हतं. आई म्हणाली, अरे, म्हणाला असशीलच. त्यावर ते म्हणाले, असशीलचने माझं भागत नाही.

मला त्या शहरात नोकरी लागली आणि मी मामांकडे राहायला गेले, ती यानंतरची गोष्ट. मागच्या बाजूची, टेकडीच्या रस्त्याकडे खिडकी असलेली खोली मला दिली होती. एका संध्याकाळी आम्ही तिघं चहा घेत होतो. खालून एक गाडी चढाला लागली. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही, गाडी ती गाडी. मामांचा कप हातातच राहिला. ते उठले आणि अनवाणी जिना उतरून रस्त्यावर गेले. वर आले तेव्हा कपाळावर घाम होता. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाले.

पुढे हे रोजचं झालं. दिवस कलायला लागला की मामांच्या हातातलं काम थांबायचं. मान चढाकडे वळायची. आवाज यायचा, वर वर जात टाकीच्या वळणामागे बारीक व्हायचा, आणि तो पुरता विरेपर्यंत मामा श्वास रोखून उभे राहायचे. जेवण कमी झालं, झोप गेली. गिऱ्हाइकाच्या गाडीत तेल न भरताच त्यांनी झाकण लावून दिलं, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मी आईला कळवलं की मामांचं काही ठीक दिसत नाही. एखाद्या डॉक्टरला दाखवावं का, असं आमचं दोघींचं चाललं होतं.

एका संध्याकाळी मामा वर येऊन खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, ‘मला लंगडी ऐकू येते.’

मामी ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी वळून न बघताच सांगितलं, ‘मलाही येते, भावोजी. तुमच्या आधीपासून येते. माझा हात चहाचं आधण ठेवायला जातो. मग आठवतं. मग गॅस बंद करते.’

एकाला भास झाला तर समजू शकतो, दोघांना एकच कसा होईल? त्या घरात ती रात्र मी दिवा लावून झोपले, हे सांगायला मला लाज नाही.

दुसऱ्या दिवशी मामा आधीच रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. मीही गेले. आवाज आला आणि त्याच्यामागून गाडी आली. हिरवी होती, पण घडण तीच. बुटकी, दोन दारांची. चाक एका बाईच्या हातात होतं. पिकलेले केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. तिने आम्हाला वाट चुकलेले समजून हात केला आणि चढ चढून निघून गेली. मामा खाली बसले, तिथेच, रस्त्याच्या कठड्यावर. म्हणाले, ‘बाई खरी आहे ना?’ मी म्हटलं, खरी आहे, मामा. मीही बघितली.

शोधायला वेळ लागला नाही. बाजारातल्या औषधांच्या दुकानाची ती मालकीण. राहायची टेकडीवर. मुलं आपापल्या वाटेला लागली आणि आता मी माझ्या मनाचं करणार, म्हणून तिने ही गाडी घेतली होती. इंजिन घेताना बसवलेलंच होतं, परगावच्या कुणीतरी भंगारातून उचलून बसवलेलं. एवढी माहिती तिने गोळ्या मोजता मोजता हसत हसत दिली. मामांनी बॉनेट उघडून बघू का, असं विचारलं. ती म्हणाली, बघा की, माझ्या गाडीचं कौतुक करणारं कुणी भेटतच नाही.

मामांनी बॉनेट उघडलं. एक्झॉस्टच्या पाइपांवरची वेल्डिंग त्यांचीच होती. माणसाला आपली सही ओळखू येते तशी ती त्यांना ओळखू आली. आखूड पाइपही होता. इंजिन अजून गरम होतं, तरी त्यांनी त्याच्यावर हात ठेवला आणि भाजला तरी लगेच उचलला नाही. मग ते वाकले, चाकाच्या फटीतून आत बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ब्रेक छोट्या इंजिनाचेच होते. ही बाई रोज सकाळी तो उतार उतरून दुकानात येत होती.

मामांना नीट सांगता आलं असतं तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. पण जन्मात न बोललेला माणूस, ऐन वेळी कुठून बोलणार? हे इंजिन काढलं पाहिजे, मी दुसरं देतो, याच्याहून चांगलं देतो, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. बाईंना आधी गंमत वाटली, मग शंका आली. गाडी उत्तम चालते, ब्रेकनेही कधी दगा दिला नाही, आणि माझ्या गाडीला हात लावायचा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आम्ही परत आलो. मामा गॅरेजचं शटर ओढून आत अंधारात बसून राहिले.

मी मामींना झालेलं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी साडी बदलली, केस विंचरले आणि एकट्याच बाहेर पडल्या.

पुढचं मला नंतर दोघींकडून कळलं. मामी दुकानात गेल्या आणि म्हणाल्या, तुमच्या गाडीत मला एकदा बसवाल का? का, ते वर गेल्यावर सांगते. बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं आणि दुकान आवरलं. हिरव्या गाडीला शेजारची सीट होती. मामी आयुष्यात पहिल्यांदा त्या इंजिनामागे बसल्या. मामींच्या मनात काय काय होतं. आवाज आतून ऐकला तर कुणीतरी शेजारी असल्यासारखं वाटेल, असंही होतं. तसं काही वाटलं नाही. आतून नुसता गडगडाट होता, आणि बाई गिअर बदलताना ओठ आवळायच्या ते दिसत होतं. टाकीच्या वळणावर मामींनी गाडी थांबवायला सांगितली. भिंतीचे काही दगड नवे होते, त्यांचा रंग अजून बाकीच्यांत मिसळला नव्हता. मामींनी त्या दगडांकडे बोट दाखवलं आणि तिथे काय झालं ते सांगितलं.

बाई मामींना घरी सोडायला उतार उतरून आल्या तेव्हा पहिल्या गिअरमध्ये, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने आल्या. गॅरेजपुढे गाडी लावून त्यांनी किल्ली मामांच्या हातात दिली. म्हणाल्या, ‘तुम्हाला ठीक वाटेल ते करा. काढायचं असेल तर काढा, मी विचारणार नाही.’ आणि पायी निघून गेल्या.

मामांनी चेनकप्पी बॉनेटवर आणून उभी केली. साखळी इंजिनाच्या कड्यांत अडकवली, जरा ताणलीही. ती तशीच ताणलेली ठेवून ते दिवसभर गाडीभोवती फिरत होते. मी कामावरून आले तेव्हा साखळी सोडलेली होती आणि गाडी ठोकळ्यांवर चढवून चारी चाकं उतरवलेली होती. मोठ्या डिस्क, नवे पॅड, नव्या नळ्या, जास्त तापमान सोसणारं तेल. आपल्या कामात इतके बुडालेले मामा मी पूर्वी पाहिले नव्हते, आणि त्यात आनंदाचा लवलेश नव्हता. मध्येच हात थांबायचा आणि ते इंजिनाकडे बघायचे, जसं कुणी हाक मारलीय. एकदा मला म्हणाले, तो गेला तेव्हा हे चालूच होतं. भिंतीला लागल्यावरही चालू होतं, लोकांनी बंद केलं. मी त्यांना आत जाऊन थोडं पडा म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

काम झाल्यावर उतारावर चाचणी घ्यायला हवी होती. ती घेणारा माणूस आता नव्हता. मामा स्वतः चाकामागे बसले. मी येते म्हटलं तर नको म्हणाले. पण मामी जिना उतरून आल्या आणि दार उघडून शेजारी बसल्या. त्यांना काही म्हणायची मामांची हिंमत झाली नाही.

ते वर गेले आणि वरून खाली आले. वाटेत काय झालं ते मामींनी मला नंतर सांगितलं. मामांनी ब्रेक दाबून, सोडून, परत दाबून मुद्दाम तापवले. टाकीच्या वळणावर गाडी जागच्या जागी आवळल्यासारखी मंदावली आणि वळली. पायथ्याशी आल्यावर मामांनी ती कडेला घेतली. तापलेल्या पॅडचा जळका वास येत होता. समोर बघतच त्यांनी विचारलं, ‘त्या दिवशी मी त्याला उताराचं बोललो होतो का? तू दारात होतीस.’

‘बोलला होतात,’ मामी म्हणाल्या. ‘उतारावर नेऊ नकोस म्हणालात. मी ऐकलं.’

‘आणि तो?’

‘ते म्हणाले, बरं दादा.’

मामांनी मान हलवली. गाडी गिअरमध्ये टाकली आणि गॅरेजला आणून लावली.

औषधवाल्या बाईंनी ती गाडी पुढे खूप वर्षं चालवली. संध्याकाळी लंगडी चढाला लागायची आणि घरात आम्ही तिघं असलो तर तिघंही गप्प व्हायचो, तो आवाज जाईपर्यंत. त्याची सवय झाली असं मी म्हणणार नाही. मामांनी घोडे वाढवायचं काम पुन्हा सुरू केलं, पण ब्रेक बसवल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही असं ठरवून. आणि गाडी नेणारा प्रत्येक जण निघाला की ते हातातलं काम टाकून, त्याच्या खिडकीशी जाऊन, तोंडाने स्पष्ट सांगायचे की पहिले काही दिवस उतारावर नेऊ नकोस. तो हो म्हणेपर्यंत दार सोडायचे नाहीत. गिऱ्हाइकं पाठीमागे त्यांची नक्कल करायची. मामांना ते माहीत होतं.

मामा गेल्यावर मी मामींकडे काही दिवस राहायला गेले होते. कपाट आवरता आवरता बोलणं निघालं आणि मी म्हटलं, बरं झालं तुम्ही त्या दिवशी दारात होतात, नाहीतर मामांचा जीव त्यातच अडकून राहिला असता.

मामी म्हणाल्या, ‘मी दारात नव्हते. मागे दोरीवर कपडे घालत होते. हे गेले ते मला गाडीच्या आवाजावरूनच कळलं.’

मी विचारलं, मामांना हे कधी कळलं नाही?

‘कळलं असणारच,’ मामी म्हणाल्या. ‘मी ऐन वेळी, हे “बरं दादा” म्हणाले, असं बोलून गेले. तुझ्या धाकट्या मामांनी जन्मात कुणाला बरं म्हटलं होतं? तोंडातून शब्द गेला तेव्हाच मला कळलं, चुकलं. भावोजींनी माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटलं, आता विचारतील.’

त्यांनी हातातला सदरा घडी करून बाजूला ठेवला.

‘नाही विचारलं. मग मीही नाही सांगितलं. त्यानंतर आम्ही त्यावर कधी बोललोच नाही.’